अळणी वरणावर जमलेली सोयरीक

माझं लग्न लघवीच्या गोळीमुळे जमलं.

हे वाक्य मी आजवर चारचौघांत कधी बोलले नाही. कुणी विचारलंच तर "पत्रिका जुळली" असं सांगून मोकळी होत असे. (पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती. माझी तर होतीच कुठे?) पण आता माझ्या नातसुना माझ्यासमोर आपापल्या नवऱ्यांना खुशाल नावानं हाका मारतात, मग मीच एकटीनं किती दिवस लाजायचं?

वाशीमच्या बाहेर, रिसोडच्या रस्त्याला आमचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची आणि विहिरीच्या पलीकडे केळीची बाग. माझे बाबा तुळशीराम यांच्या वांग्यांचं बाजारात नाव होतं आणि रागाचं त्याहून मोठं नाव होतं. गिऱ्हाइकानं वांगं जरा दाबून पाहिलं की बाबा गर्जत, "हात काढ! वांगं घ्याले आला का त्याची नाडी पाहाले?" गिऱ्हाईक दचकून हात काढी आणि मुकाट्यानं तेच वांगं घेऊन जाई. नवे पैसे नुकतेच आले होते त्या सुमाराला, एका बाईनं एकाच वेळी दोन वांगी दाबली. बाबा असे ओरडले की त्यांच्याच नाकातून रक्ताची धार लागली.

वाशीमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "बीपी आहे. अकोल्याला दाखवा."

माय घाबरली. "बी म्हंजे बियानं, हे समजलं," ती मला म्हणाली, "पन पी कायचं वं?"

अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी बाबांच्या दंडाला फडकं गुंडाळलं, रबरी फुगा दाबला, पारा कुठवर चढतो ते पाहिलं आणि सर्पगंधेच्या मुळीची गोळी दिली. ती गोळी बाबांना अशी लागू पडली की आमच्या घरावर मोठंच संकट आलं. बाबा शांत झाले!

शेजारची गाय मेथीत शिरली. मी काठी घेऊन धावले, तर बाबा ओसरीवरूनच म्हणाले, "खाऊ दे वं. तिले बी पोट हाये." मोट ओढणाऱ्या बैलाकडे पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं. बाजारात बाया वांगी चेंडूसारखी दाबू लागल्या आणि बाबा नुसते सुस्कारे टाकत बसू लागले. माय देवीला नारळ बोलली, "माय, मानूस सोन्यासारखा झाला, पन मले हे सोनं नको. त्याईचा राग वापस दे!"

आणि नेमकं याच काळात रिठदचे पाहुणे मला पाहायला आले. मुलाच्या काकानं सहज विचारलं, "पोरगी सोभावानं कशी हाये?" अशा वेळी जगातला कुठलाही बाप म्हणतो, "गाय हाये गाय." आमचे बाबा मात्र खोल सुस्कारा टाकून म्हणाले, "हट्टी हाये. तोंडाची फाटकी हाये. भाकर करते, पन गोल करते असं काई म्हनता येनार नाई." आणि मग डोळे पुसत, "पन माहा लय जीव हाये तिच्यावर!" पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. रिठदपासून बातमी पसरली की तुळशीरामाले काहीतरी रोग लागला, मानूस बसल्या बसल्या रडते, पोरीत बी असन.

तेवढ्यात बाबांचे पाय सुजले. चप्पल पायात जाईना. घरात सातवी पास झालेली मी एकटीच, म्हणून या खेपेला आगगाडीनं त्यांच्यासोबत अकोल्याला मी गेले. डॉक्टर मोठे बोलके होते. त्यांनी बाबांच्या पायावर अंगठा दाबला, पडलेला खड्डा पाहिला आणि शाळेतल्या मास्तरांसारखे खुर्चीत टेकून बसले.

"हे बघा तुळशीराम, गोळीनं रक्ताच्या नळ्या सैल झाल्या, दाब उतरला. इथवर छान झालं. पण तुमच्या मूत्रपिंडाला वाटलं, अरे, अंगातलं पाणीच आटलं की काय! त्या मूत्रपिंडावर टोपीसारखी एक गाठ असते. तिच्यातून एक रस निघतो. तो रस सांगत सुटतो, मीठ सोडू नका, मीठ धरून ठेवा! मीठ अडलं की त्याच्यासंगे पाणी अडतं. ते पाणी उतरलं तुमच्या पायात."

बाबांचा चेहरा पडला. "म्हंजे माह्या अंगातलंच कोनी माह्या इरोधात हाये?"

"विरोधात नव्हे हो. ती बिचारी तुम्हाला वाचवायलाच धडपडते. हेतू चांगला, पण परिणाम उलटा."

"समजलं," बाबा म्हणाले. "अशी एक माह्या घरी हाये."

डॉक्टरांनी जुनी गोळी निम्मी केली आणि एक नवीन गोळी दिली. नुकतीच निघाली होती म्हणे. ती मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला लावते, मिठामागे पाणी जातं, आणि सूजही उतरते, दाबही उतरतो. "मात्र जेवणात वरून मीठ, लोणचं, पापड एकदम बंद. आणि या गोळीबरोबर अंगातला एक दुसरा चांगला क्षारही निघून जातो, पायाला पेटके येतात. म्हणून रोज केळी खायची." हे ऐकून मात्र बाबा खुलले. केळी तर घरचीच!

मी डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाठ करून घेतला. परतीच्या गाडीत बाबांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांच्याच भाषेत समजावलं. "बाबा, आपन वाफ्याले पानी देतो ना? ते गाठ म्हंजे वाफ्याचं तोंड मातीनं बंद करनारा गडी. अन् नवी गोळी म्हंजे फावडं घेऊन ते तोंड फोडनारा."

"अन् जिकन कोन?"

"लोनचं नाई खाल्लं तं फावडेवाला."

पटलं. पण घरी माय होती ना! तिला मी सगळं सांगितलं, आणि तिनं त्यातला एवढाच भाग कानात ठेवला की नवऱ्याच्या अंगातलं मीठ रोज वाहून चाललंय. "अवं, मीठ बाहेर काढाची गोळी, अन् वरून खानंही बंद? बिनमिठाचं लोनचं काय होते, ठाऊक हाये ना? बुरशी लागते! तुह्या बापाले बुरशी लागू देऊ का मी?"

तिनं बाबांसाठी वेगळं अळणी वरण शिजवायला सुरुवात केली, ते माझ्या देखत. माझी पाठ फिरली की त्यात चिमूटभर मीठ टाकी, ते बाबांच्या प्रेमापोटी. सूज काही उतरेना. मी मायला रंगेहाथ पकडलं तेव्हा ती ठसक्यात म्हणाली, "जेवढं गेलं तेवढंच टाकलं. जास्त नाई टाकलं!" शेवटी मिठाची बरणी मी माझ्या ताब्यात घेतली आणि दोन्ही वरणांचा कारभार माझ्याकडे आला. आठवडाभरात बाबांचे पाय चपलेत जाऊ लागले, डोळ्यांतलं पाणी थांबलं, आणि एका गिऱ्हाइकाला ते "हात काढ!" म्हणाले. अजून गर्जना नव्हती, पण बारीक का होईना, आवाज फुटला होता. आम्ही घरात गूळ वाटला.

एकच पंचाईत राहिली. गोळी पोटात गेली की दुपारपर्यंत बाबा घडीघडी उठून केळीच्या बागेत जात.

अशात शिरपूरचं स्थळ आलं. मुलाकडे जमीन बरी, मुलगा शिकलेला, आणि घरात सासू नव्हती. सासूच्या जागी मुलाची आत्या होती, भागाबाई. मुलाला तिनंच वाढवलेलं. तिच्या शब्दाबाहेर त्या घरात मांजरही पाऊल टाकत नसे म्हणे. स्थळ आणलं होतं पांडुमामानं. हा मायचा भाऊ. सोयरिकी जुळवायचा त्याला भारी नाद. खोटं बोलण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. दोष एवढाच, की आधी आपण काय खोटं बोललो हे त्याच्या ध्यानात राहत नसे.

मामानं आम्हाला ओळीनं बसवून तंबी दिली. "बीपीचं नाव काढाचं नाई. रोग, डाक्टर, अकोला, काईच नाई! रिठदवाल्यानं आधीच बोभाटा केला. हे सोयरीक गेली तं पोट्टी घरातच पिकन. भाऊजी, त्या दिवशी गोळी घेऊ नोका."

बाबांनी मान हलवली. पण पाहुणे यायच्या दिवशी सवयीप्रमाणे उठल्या उठल्या त्यांनी गोळी गिळली, आणि मगच त्यांना मामाची तंबी आठवली. ते गप्प राहिले. इकडे मायला वाटलं, माणसानं आज गोळी घेतलीच नाही, पाहुण्यांसमोर नाकातून रक्त आलं म्हणजे? तिनं हळूच चहाबरोबर एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली. बाबांचं लक्ष रस्त्याकडे होतं. चहाच्या घोटाबरोबर तीही गेली!

शिरपूरची मंडळी मोटारीनं वाशीमला उतरून आमच्या बैलबंडीतून मळ्यावर आली. मुलाचे वडील सोनाजी, आत्याबाई आणि मुलगा नारायण. (नाव मी इथं लिहिलं, तोंडानं आजही घेत नाही.) ओसरीवर सतरंजी टाकली होती. आत्याबाई दाराच्या आत उंबऱ्याशी बसल्या, तिथून त्यांना ओसरीही दिसे आणि चूलही. अंगानं भरलेल्या, कपाळ मोठं, आणि नजर अशी की मी पोळपाट उलटा ठेवला तो त्यांनी तिथूनच पाहिला.

पानसुपारी झाली. सोनाजींनी घसा साफ केला. "तं असं हाये तुळशीरामभाऊ, आमचं काई मांगनं नाई. फक्त पोराले सायकल..."

बाबा ताडकन उठले आणि केळीच्या बागेकडे चालू लागले.

सोनाजींचा आ तसाच राहिला. मामा घाईघाईनं म्हणाला, "बैल! बैल सुटला वाटते मोटेचा!"

बाबा परत आले, शांतपणे बसले. सोनाजींनी विषय बदलला. "सायकलचं पाहू मांगून. पन पोराच्या हाताले घड्याळ तं..."

बाबा उठले! चालू लागले!

"बैल?" सोनाजींनी विचारलं.

"वासरू!" मामा म्हणाला. "वासराले लय माया हाये त्याईची."

सोनाजी मुलाच्या कानाशी लागले. आतून मला स्पष्ट ऐकू आलं. "मानूस खमक्या दिसते. मांगनं ऐकलं का उठूनच जाते! दुसरा असता तं घासाघीस केली असती. हा बोलतच नाई!" बाबा येऊन बसताच ते नरमाईनं म्हणाले, "घड्याळ राहू द्या हो. सूर्य दिसतेच ना वावरात! लग्नात जराक ब्यांड..."

बाबांच्या पोटात दोन गोळ्यांचं राज्य होतं. त्यांनी "ब्यांड" शब्दाचा "ड" सुद्धा पुरा होऊ दिला नाही.

"वानरं!" मामा ओरडला. "केळीत वानरं आले!"

सोनाजींनी मुंडासं काढून घाम पुसला. "नाई नाई, ब्यांड नाई! डफडं चालते आमाले! डफडं बी तसं कायले पाह्यजे?"

मी चुलीशी बसून हसू दाबत होते. माय पदरात तोंड घालून देवीचं नाव घेत होती. सोयरीक चालली होती की मोडत होती, तेच समजेना. बाबा पुढच्या वेळी उठले तेव्हा कुणी काही मागितलंसुद्धा नव्हतं. नुसतंच हवापाण्यावर बोलणं चाललं होतं. मामाजवळची जनावरं संपत आली होती. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "साप!"

"साप?" इतका वेळ मान खाली घालून बसलेला नारायण उठला. कोपऱ्यातली काठी उचलली आणि केळीच्या बागेकडे धावला!

"अवो जावाई! बिनविषारी हाये! नोका जाऊ!" मामा मागून ओरडत राहिला. माझ्या हातातली पोळी तव्यावर जळाली. संपलं, मला वाटलं. आता सगळं समजणार.

थोड्या वेळानं दोघे एकापाठोपाठ परत आले. पुढे बाबा, तांबडे लाल झालेले. मागे नारायण. त्यानं काठी कोपऱ्यात जागच्या जागी ठेवली, हात झटकले आणि गंभीरपणे सगळ्यांना सांगितलं, "मोठा होता. पन गेला."

मी दाराच्या फटीतून पाहत होते. त्या क्षणी मी मनात ठरवून टाकलं, लग्न करीन तर याच्याशी!

आणि तिथंच घात झाला. मन तिकडे गेलं, हात इकडे चालू राहिले. पानं मांडली होती. पोळ्या, भरल्या वांग्यांची भाजी, भात आणि वरण. चुलीशेजारी दोन पातेली होती, थोरलं पाहुण्यांचं मीठ घातलेलं, धाकटं बाबांचं अळणी. पण मायनं "पाव्हन्यांना कमी नोको पडाले" म्हणून अळणी वरण पाणी घालून वाढवलं होतं, ते धाकट्यात मावेना म्हणून थोरल्यात ओतलं होतं आणि थोरल्यातलं मीठवालं धाकट्यात. मला सांगायची ती विसरली. मी थोरल्या पातेल्यातून पाहुण्यांना वाढलं. धाकट्यातून बाबांना.

सोनाजींनी पहिला घास घेतला. थबकले. भाताकडे पाहिलं. दुसरा घास घेतला. मग मुलाकडे पाहिलं. तो खाली मान घालून जेवत होता, चेहऱ्यावर काहीच नाही. आत्याबाई तर एकेक घास असा चावत होत्या जणू मनात काही मोजमाप चाललंय. 

आणि तेवढ्यात बाबांनी वरणभाताचा घास तोंडात टाकला. त्यांचे डोळे मिटले. कित्येक दिवसांनी जिभेला मीठ लागलं होतं! "वाऽऽ!" ते म्हणाले. "वा बेटा! आज काय वरन केलं! असं वरन जिंदगीत खाल्लं नाई! वाढ अजून!"

पाहुणे आपल्या ताटातल्या वरणाकडे आणि मग बाबांकडे पाहू लागले. माणसाला वेड लागलंय याची त्यांना आता खात्रीच पटत चालली असावी. आणि मला एकदम उलगडा झाला. मी पळी हातात घेऊन, पदर सावरायचं भान न ठेवता, ओसरीवर धावले.

"बाबा! थुका! थुका ते! मीठ हाये त्याच्यात!"

 आत्याबाईंनी घास खाली ठेवला. "मीठ हाये म्हनून काहून थुकाचं?"

"त्याईले उपास हाये आज!" मामा म्हणाला.

"उपासाले वरन?"

"वरनाचाच उपास हाये!"

आत्याबाईंनी मामाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी मला समोर बसायची खूण केली. "पोट्टे, खरं सांग. काय हाये तुह्या बाबाले?"

मामा मागून डोळ्यांनी नाही नाही म्हणत होता. पण मी खरंच तोंडाची फाटकी. धरण फुटावं तशी मी सुटले. "बीपी हाये! अंगात मीठ राह्यलं का पानी राह्यते, पानी राह्यलं का दाब वाढते. अकोल्याच्या मोठ्या डाक्टरची गोळी मिठाले मुतातून बाहेर काढते, मिठामांगं पानी जाते, म्हनून बाबा घडीघडी केळीत जाते. बैल, वासरू, वानरं काईच नाई! मंग मूत्रपिंडावरच्या गाठीले वाटते का मीठ आटलं, ते रस सोडते अन् मीठ अडवाले पाहाते. अशात वरून लोनचं खाल्लं तं गोळीची सारी मेहनत वाया! अन् केळी नाई खाल्ली तं पायाले पेटके येते!"

मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे, भर जेवणाच्या पंगतीत, हातात पळी घेऊन, मुलगी मुताचं शास्त्र सांगत होती. मामानं धोतराचा सोगा तोंडावर ओढून घेतला. माय दारात मटकन बसली. बाबांचा घास हातातच.

 आत्याबाईंनी लुगड्याचा काठ जरासा वर केला आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तर तिथं खड्डा!

"हे याच्यानंच होते?"

"आक्का!" सोनाजी कळवळून ओरडले. "अवं आक्का, तुले बीपी हाये हे सांगाचं नाई, असं ठरलं होतं ना आपलं!"

आता तोंड उघडं राहायची पाळी आमची होती.

"गप बस सोन्या," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्या त्याच डाक्टरची तेच गोळी मले बी हाये. मीठ नोको खाऊ म्हने. काहून, ते सांगतलं असन तं सोन्याले सांगतलं असन, अन् सोन्याच्या डोक्यात काई राहत नाई. मले वाटे, डाक्टरले माह्या लोनच्याचा हेवा हाये. म्हनून मी गोळी बी खाओ अन् वरून लोनचं बी खाओ. अन् गावाले जाचं असलं का गोळीच नाई घेओ. बाईमानसानं परक्या घरी कितीक डाव उठाचं? तुह्या बाबाले निदान केळीची बाग हाये!"

आणि त्या हसल्या. आधी पोटात, मग खांद्यांत, मग असं मोकळं की त्यांच्या हसण्यानं बाबाही हसले, नारायणही हसला, आणि सोगा बाजूला सारून मामाही हसला. (तो सर्वांत मोठ्यानं. जणू हे सगळं त्यानंच जुळवून आणलं होतं!)

"घरी मी जे खातो तेच अळनी वरन समोर आलं," आत्याबाई म्हणाल्या, "तवाच मी म्हनलं, या घरात बी कोनी माह्यासारखं हाये. सोन्या, आता आईक. सायकल नाई, घड्याळ नाई, ब्यांड नाई. मले हे पोट्टी पाह्यजे. मुकी सून आनून काय करू? मले सांगनारी पाह्यजे." मग भाच्याकडे वळून, "नारायणा, पसंत हाये का?"

नारायणानं तोंडात घास असतानाच मान हलवली. जोरात हलवली. मी तेवढं पाहिलं आणि आत पळाले.

मामानं लगेच नारळ पुढे केला. सोनाजींनी नारळ घ्यायला हात पसरले, आणि बाबा उठले!

सोनाजींचा जीवच गेला. सवय लागली होती ना! "आता काय झालं? बरं, वरातीचं जेवन बी राहू द्या! लग्न आमच्या दारात करू! बंड्या बी आमच्या!"

"अरे मूर्खा," आत्याबाई गरजल्या, "मानसाले केळीत जाऊ दे!"

पण बोललेलं बोललेलं. बाबा परत आले तोवर मामानं ते सगळं कबूल करून टाकलं होतं. आमच्या माळ्यांच्या आळीत इतकी सोपी सोयरीक कुणाची झाली नव्हती. रिठदवाल्यांनी ती ऐकली तेव्हा त्यांचा आधीचा राहिलेला अर्धा चहाही थंड झाला असेल.

लग्न शिरपूरला लागलं. पंगतीत एका वाढप्यानं बाबांच्या पानात न विचारता लोणचं टाकलं आणि बाबा असे गर्जले की घोडं बुजलं. माय मांडवात सगळ्यांसमोर हात जोडून उभी राहिली. "आला गं बाई राग! पुरा आला!"

सासरी गेल्यावर माझं पहिलं काम म्हणजे आत्याबाईंची लोणच्याची बरणी जप्त करणं. त्यांनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला. मग पायावरचा खड्डा भरून आला, तशा त्या गावभर पाय दाखवत हिंडल्या. लहान पोरांनासुद्धा अंगठा दाबायला सांगत! बाबा दर बाजाराला केळीचा घड पाठवत. हळूहळू आजूबाजूच्या बाया दारात येऊ लागल्या, कुणाचं डोकं दुखे, कुणाचे पाय सुजत, आणि मी ओट्यावर बसून त्यांना ती टोपीवाली गाठ समजावून देई आणि मग अकोल्याच्या गाडीत बसवून देई. पुढे त्या डॉक्टरांनीच एकीला विचारलं म्हणे, "शिरपूरला डॉक्टरीणबाई आल्या का कुणी?" हे ऐकून आत्याबाईंनी माझी दृष्ट काढली. मिठानं! (त्या मिठाला मात्र मी हरकत घेतली नाही.)

असं मी सगळ्यांना जिंकलं, आणि मनाशी पक्कं धरून बसले होते की पहिल्यांदा मी जिंकलं ते आमच्या ह्यांना. तो हातात पळी घेतलेला माझा अवतार, तो धीटपणा, ते शास्त्र! आणि ती जोरात हललेली मान! पुष्कळ वर्षं तो प्रसंग मी जपून ठेवला. परवा, घरात पोरंबाळं जमली होती, तेव्हा मोठ्या तोऱ्यात सगळ्यांसमोर विचारलं, "सांगा, त्या दिवशी माह्यात असं काय पाह्यलं तुमी, का आक्कानं पसंत हाये का म्हनल्याबरोबर हो म्हनले?"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खरं सांगू? मले वाटलं, आक्का वरनाचं इचारून राह्यली. आता पाव्हन्याच्या घरी वरनाले नाई कसं म्हनाचं?"